ब्रह्मपुरीला तीन ओळी

फ्रेंच भाषेच्या डेल्फ परीक्षेच्या बी-2 पातळीवर लेखनाला एक तास मिळतो आणि प्रश्न असतो चार-पाच ओळींचा. तुमच्या गावात अमुक होऊ घातले आहे. नगरपालिकेने, कंपनीने किंवा शाळेने तमुक ठरवले आहे. रहिवाशांच्या, कामगारांच्या किंवा पालकांच्या वतीने संबंधितांना पत्र लिहा, आपले मत मांडा, कारणे द्या. किमान अडीचशे शब्द. बहुतेक वेळा गावाला नाव नसते, महापौराला चेहरा नसतो, आणि वाद इतका बेताचा की त्यावरून घरातही भांडण होऊ नये. पहिल्यांदा वाचणाऱ्याला यात चाखण्यासारखे काय, असा प्रश्न पडेल. पण बंदिशीचे शब्द तरी कोण कवितेसारखे वाचतो? गवई त्यातून काय उभे करतो ते ऐकायचे असते. फ्रेंच परीक्षेतला हा निबंध मी गेली काही वर्षे तसाच वाचत आलो आहे.

आधी व्यवहाराचे सांगून टाकतो. ही परीक्षा 1985 पासूनची. पॅरिसजवळच्या सेव्र येथील फ्रान्स एज्युकासियाँ अँतेरनासियोनाल ही फ्रेंच सरकारची संस्था ती चालवते. आपल्याकडे पुण्याच्या आणि मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये ती देता येते. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या चिमूरच्या मुलीला एसटीने नागपूर, आणि तिथून रात्रीची गाडी. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग, प्रत्येकी पंचवीस गुणांचे. शंभरपैकी पन्नासला उत्तीर्ण, पण कोणत्याही एका भागात पाचाच्या खाली गेलात तर बाकीचे गुण वाया. एकदा मिळालेले प्रमाणपत्र जन्मभर चालते.

रस सुरू होतो तो गुणांच्या वाटणीपासून. परीक्षकाच्या हाती अनेक वर्षे जो तक्ता असे, त्यात पंचवीसपैकी चौदा गुण मजकुराचे होते, पाच शब्दसंपत्तीचे आणि सहा व्याकरणाचे. शब्दांच्या त्या पाचांत शुद्धलेखनाला किती? एक. ज्या भाषेत अर्धी अक्षरे लिहायची आणि उच्चारायची नाहीत, तिच्या परीक्षेत शुद्धलेखनाला एक गुण! आमच्या शाळेत वेलांटी चुकली म्हणून हातावर छडी बसलेल्या पिढीला हे पचणे कठीण. उलट सुसंगतीला, म्हणजे एका वाक्यातून दुसरे आणि एका परिच्छेदातून दुसरा निघतो की नाही याला, चार. वस्तुस्थिती मांडण्याला तीन, युक्तिवादाला तीन, सांगितले तेच केले का याला दोन. आणि उरलेले दोन कोणाशी कसे बोलावे, याचे. मंत्र्याला मित्रासारखे लिहिले तर हे दोन गेले. तक्ता आता बदलला आहे, पण परीक्षकाची नजर कुठे असते ते या जुन्या वाटणीतून स्वच्छ दिसते.

शब्द मोजण्याचाही नियम छापलेला असे. दोन मोकळ्या जागांमधले जे काही ते एक शब्द. लोपचिन्हाने किंवा जोडरेषेने जोडलेले शब्द कितीही लांबले तरी एकच. या हिशोबाने मराठी निबंध लिहायचा तर आपली केवढी पंचाईत होईल! ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ एवढे लिहूनही गल्ल्यात एकच नाणे.

माझे फ्रेंच जुने आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तरुणपणी केलेल्या अभ्यासक्रमाच्या पुण्याईवर आजवर निभावले. भाचीचे नवे आणि चांगले. फ्रान्समध्ये पुढचे शिक्षण घ्यायचे म्हणून ती बी-2 ची तयारी करते आहे. दिवाळीला चिमूरला आली, तेव्हा छापील सराव-प्रश्न संपले होते. पॅरिसच्या उपनगरातल्या सायकल-मार्गावर मत लिहून लिहून तिला कंटाळाही आला होता. मी म्हटले, आपल्या गावचा प्रश्न घे. ‘तुमच्या राज्याचे सरकार एका मोठ्या जिल्ह्याचे विभाजन करण्याच्या विचारात आहे. तालुक्यातील रहिवाशांच्या वतीने महसूलमंत्र्यांना पत्र लिहा आणि नव्या जिल्ह्याचे मुख्यालय तुमच्या गावी का असावे, ते पटवून द्या.’ चिमूर जिल्हा व्हावा ही मागणी इथल्या हवेतच आहे. तीवर मत नसलेला माणूस चिमुरात शोधून सापडायचा नाही. नेमकी म्हणूनच ती परीक्षेला कठीण. ज्या विषयावर आपण पेटलेले असतो, त्यावर अडीचशे शब्दांत शहाण्यासारखे लिहिणे, आणि तेही परक्या भाषेत.

पहिला मसुदा फ्रेंचमध्ये होता, पण वळण अस्सल आपल्या शाळेचे. क्रांतिभूमी, हुतात्म्यांचे रक्त, राष्ट्रसंतांच्या भजनांनी पेटून उठलेली जनता, 1942 च्या नागपंचमीचा तो दिवस. नव्वद शब्द झाले तरी मंत्रिमहोदयांना पत्र कशासाठी आले आहे हे कळत नव्हते. यात तिचा दोष नाही. ‘नदीचे आत्मवृत्त’ आणि ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ यांवर वाढलेल्या आपणा सर्वांना निबंध म्हणजे फुलवणे हेच शिकवले आहे. आपल्या साहित्यात मात्र निबंधाची दोन्ही घराणी आहेत. एक माँतेन्यचे. 1580 मध्ये त्याने आपले निबंध प्रथम छापले आणि स्वतःच्या मनात मनसोक्त हिंडण्याचा परवाना लेखकांना दिला. फडके, काणेकर यांचे लघुनिबंध त्याच वाटेवरचे. दुसरे घराणे वादाचे. चिपळूणकरांची निबंधमाला 1874 ते 1881 चालली, आणि आगरकरांचा सुधारक 1888 मध्ये निघाला. परीक्षेतला निबंध या दुसऱ्या घराण्यातला, आणि त्यातही तो आगरकरांच्या बाजूला बसतो. चिपळूणकर प्रतिपक्षाची टर उडवतात. लोकहितवादींना आणि जोतीरावांना त्यांनी कसे सोलून काढले ते सर्वश्रुत आहे. वाचायला झकास, पण डेल्फच्या तक्त्यात बसणार नाही. आगरकर आक्षेप घेणाऱ्याला आधी बोलू देतात, त्याचे म्हणणे नीट मांडतात आणि मग त्याला उत्तर देतात.

हे ‘बोलू देणे’ म्हणजेच त्या अडीचशे शब्दांचा प्राण. फ्रेंच शाळेत ही सवय लहानपणापासून लावतात. नेपोलियनच्या काळात, 1808 मध्ये सुरू झालेल्या बाकालोरेआ परीक्षेत आजही तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. त्यात एक बाजू, तिची उलट बाजू आणि मग दोन्हींच्या पलीकडचे काही, अशी मांडणी मुलांच्या हाडीमाशी खिळलेली असते. डेल्फमध्ये तिचेच लहान रूप येते. तिसऱ्या परिच्छेदाच्या आसपास ‘सेर्त’ म्हणून विरोधकाचे मान्य करायचे आणि ‘मे’ म्हणून वळायचे. आपल्या शास्त्री-पंडितांना यात नवल वाटले नसते. पूर्वपक्ष असा मांडावा की पूर्वपक्षवाल्यानेही मान डोलवावी, हा त्यांचा दंडकच होता.

चिमूरच्या बाबतीत पूर्वपक्ष कोण, हे सांगायला नको. ब्रह्मपुरीलाही जिल्हा हवा आहे, आणि तिकडची मागणीही आजची नाही. भाचीने दुसऱ्या मसुद्यात ब्रह्मपुरीचे नावच घेतले नाही. ‘इतर काही गावे’ असे लिहून मोकळी झाली. मी खूण करून वही परत दिली.

“मामाजी, ब्रह्मपुरीचं चांगलं आपणच काहून लिहाचं?”

“कारण साहेबाच्या टेबलावर त्यांचंही पत्र असणार आहे.”

“मंग त्याईले एक ओळ देल्ली त पुरे नाही का?”

तिसऱ्या मसुद्यात तिने तीन ओळी दिल्या. तोच मसुदा मी इथे वाचणार आहे. मूळ फ्रेंच; मी मराठीत सांगतो आहे.

सुरुवात अशी: ‘महोदय, चिमूर तालुक्यातील रहिवाशांच्या वतीने मी आपणांस लिहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करण्याचा विचार सुरू असल्याचे आम्हांला समजले. नव्या जिल्ह्याचे मुख्यालय चिमूर येथे असावे, अशी आमची विनंती आहे.’ तीन वाक्यांत कोण, कशावरून आणि काय हे तिन्ही आले. विशेषणाला जागा नाही. मला यात आवडते ती तिसऱ्या वाक्याची धिटाई. आपण अर्ज लिहितो तेव्हा मागणी शेवटी, संकोचत, ‘तरी कृपया’च्या आडून पुढे करतो. इथे ती पहिल्याच परिच्छेदात मांडलेली आहे, पण क्रियापद नम्र आहे. फ्रेंचमध्ये ‘आम्ही इच्छितो’ न म्हणता ‘आम्ही इच्छिले असते’ या अर्थाच्या रूपाने आर्जव करतात. मागणी ठाम, क्रियापद मवाळ. कोणाशी कसे बोलावे याचे दोन गुण इथेच खिशात आले.

दुसरा परिच्छेद अंतराचा. ‘चंद्रपूर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. शंकरपूरच्या किंवा भिशीच्या शेतकऱ्याला एका सहीसाठी पूर्ण दिवस घालवावा लागतो, आणि साहेब रजेवर असले तर दोन. चिमूरला रेल्वे नाही. जे काही आहे ते एसटीवर. 1790 मध्ये फ्रान्सची त्र्याऐंशी विभागांत फेररचना झाली, तेव्हा घोड्यावरून एका दिवसात मुख्यालय गाठता यावे, हे तत्त्व मानले गेल्याचे सांगतात. आमच्या गावची घोडा यात्रा प्रसिद्ध आहे, परंतु जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत ती पोहोचत नाही.’

शेवटच्या वाक्याला मी मोठ्याने हसलो. बालाजीची घोडा यात्रा ज्याने पाहिली आहे त्याला तर ते आणखी लागेल. पण सेव्रच्या परीक्षकाला यात्रेतले काही ठाऊक नसले तरी विनोद पोहोचतो, कारण घोडा आधीच्याच वाक्यात येऊन उभा आहे. सुसंगतीला चार गुण का, त्याचे हे उत्तर. ‘पहिले म्हणजे’, ‘दुसरे म्हणजे’ असल्या खुंट्या न ठोकता एका वाक्यातला घोडा पुढच्या वाक्यात नेला की झाले. फ्रेंच इतिहासाचा हवालाही मिरवायला आणलेला नाही. मंत्र्याला सांगायची गोष्ट, म्हणजे अंतर हा कारभाराचा प्रश्न आहे, ती दोनशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका सरकारच्या तोंडून येते. याच ठिकाणी मी तिला आणखी एक दाखला सुचवला होता. त्याच फ्रान्समध्ये मार्न विभागाचे मुख्यालय रँस या मोठ्या, नावाजलेल्या शहरात नाही. ते लहानग्या शालाँमध्ये आहे. तिने तो घेतला नाही. म्हणाली, दोन फ्रेंच दाखले झाले तर पत्र चिमूरचे राहणार नाही. बरोबरच होते तिचे.

आणि आता त्या तीन ओळी. ‘हे खरे की ब्रह्मपुरीला रेल्वे आहे, नामांकित महाविद्यालये आहेत, दवाखाने आहेत; आमच्या तालुक्यातली मुलेही तिथे शिकायला आणि आजारी माणसे उपचाराला जातात. त्याबद्दल आम्ही त्या शहराचे ऋणी आहोत. पण नवे कार्यालय ही सोय असेल, तर ती जिथे सोयी अजून पोहोचल्या नाहीत तिथे आधी जावी.’

पहिले वाक्य सावकाश वाचा. रेल्वे, महाविद्यालये, दवाखाने ही यादी कोणीही दिली असती, आणि यादी देऊन वळली असती. अर्धविरामानंतरचा भाग तिचा स्वतःचा. आमची मुले तिथे शिकतात, आमची माणसे तिथे बरी होतात. मान्य करायचे तेवढ्यापेक्षा तिने जास्त दिले, आणि त्यावर ऋणही नोंदवले. वाचणाऱ्याला क्षणभर शंका येते की ही मुलगी कोणाच्या बाजूने लिहिते आहे? तो क्षण हाच या परिच्छेदाचा कळस आहे. कारण ‘पण’ येतो तेव्हा तो ब्रह्मपुरीच्या एकाही गुणाला धक्का लावत नाही. तेच गुण जसेच्या तसे उचलून तो चिमूरच्या पारड्यात टाकतो. रेल्वे आहे, म्हणूनच कार्यालय नको. आमची माणसे तिकडे जातात, म्हणजे आमच्याकडे काही नाही. औदार्य म्हणून दिलेली गोष्ट पुरावा होऊन परत येते. ज्याला नुसते खोडून काढायचे असते त्याच्या हाती हे लागत नाही, कारण त्याने आधी काही दिलेलेच नसते.

चौथ्या परिच्छेदात 1942 आले. मला भीती होती की पहिल्या मसुद्यातले सारे रक्त इथे परत सांडणार. पण आले ते एवढेच: ‘16 ऑगस्ट 1942 रोजी या गावाने सरकारचे लक्ष वेधून घेतले होते, या वेळी ते पत्र लिहून वेधत आहे.’

चिमूरच्या माणसाला या वाक्याखाली काय काय दडले आहे ते सांगावे लागत नाही. तुकडोजी महाराजांची भजने, गोळीबारात पडलेला बालाजी रायपूरकर, जमावाच्या हातून मेलेले अधिकारी, नंतर फौजेने गावातल्या बायाबापड्यांवर उगवलेला सूड, आणि त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भणसाळींनी केलेले त्रेसष्ट दिवसांचे उपोषण. हे सगळे ‘लक्ष वेधून घेतले’ एवढ्यात. फ्रेंच वाङ्मयाला या कमी बोलण्याची जुनी हौस आहे. कोर्नेयच्या 1637 मधल्या ‘ल सीद’ नाटकात शिमेन आपल्या प्रियकराला प्रेम आहे असे न म्हणता प्रेम सांगते, आणि ते वाक्य फ्रान्समधल्या शाळांत आजही या अलंकाराचे उदाहरण म्हणून शिकवतात. भाचीच्या वाक्यात प्रेम नाही, हलकीशी धमकी आहे; आणि ती धमकी आहे असे कोणी म्हटले तर ‘आम्ही तर पत्रच लिहितो आहोत’ असे म्हणायला ती मोकळी. चिमूरच्या बाहेरच्या परीक्षकाला तारीख फक्त तारीख दिसेल. तरीही वाक्य लंगडे पडत नाही, हे त्याचे कसब.

शेवटी निरोपाचे वाक्य. फ्रेंच औपचारिक पत्र जसे संपते, तसे आता मराठी पत्र संपत नाही, पण आपल्या पणजोबांचे संपत असे. ‘महोदय, माझ्या सविशेष आदराची अभिव्यक्ती आपण स्वीकारावी, अशी मी आपणांस प्रार्थना करते’ अशा थाटाचे लांबलचक वाक्य, आणि त्यातला एकही शब्द हलवायचा नाही. मुलांना ते घोकताना जीव नकोसा होतो. ज्याने जुन्या पेटीतली ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार’ वाली पत्रे वाचली आहेत, त्याला मात्र घरी आल्यासारखे वाटते. शिवाय तू, तुम्ही, आपण यांचा विवेक मराठी मुलांच्या जिभेवर असतो. फ्रेंचमधला ‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांचा भेद त्यांना शिकवावा लागत नाही.

दोष नाहीत असे नाही. दुसऱ्या परिच्छेदात अंतर आणि रेल्वे यांची गर्दी झाली आहे. रेल्वे तिथून काढून फक्त ब्रह्मपुरीच्या ओळीत ठेवली असती, तर तिचा तिथला प्रवेश अधिक ठसठशीत झाला असता. 1982 मध्ये याच जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा काढला गेला, हा हाताशी असलेला सर्वांत भक्कम दाखला तिने वापरलाच नाही. एकदा विभाजन झाले आहे, तर दुसऱ्यांदा का नाही? मंत्र्याला हे घोड्यापेक्षा लवकर पटले असते. आणि एके ठिकाणी केवळ दाखवण्यासाठी एक संभावनार्थी क्रियापद कोंबले आहे. क्लासमध्ये सांगतात की एक तरी असू द्या, परीक्षक खूश होतो. होत असेलही. पण ते वाक्य वाचताना मुलीचा आवाज बदलतो आणि क्लासचा आवाज येतो.

हे झाले डेल्फचे. ज्यांना फ्रेंच घेऊन कॅनडाला जायचे आहे त्यांची परीक्षा निराळी. पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची तेफ. तिच्या लेखनातला पहिला भाग मला मजेदार वाटतो. बातमीचे पहिले वाक्य दिलेले असते आणि उरलेली बातमी किमान ऐंशी शब्दांत तुम्ही रचायची. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या या किरकोळ बातम्यांना फ्रान्समध्ये साहित्याची प्रतिष्ठा मिळाली ती फेलिक्स फेनेओँमुळे. त्याने 1906 मध्ये ‘ल मातँ’ या दैनिकात तीन-तीन ओळींच्या बातम्या लिहून त्यांच्यातून लहान लहान कादंबऱ्या केल्या. आमच्याकडच्या व्याघ्रप्रकल्पाच्या कोलारा गेटच्या आसपास राहणाऱ्या मुलांना या भागात वाघ आणण्याचा मोह आवरत नाही. आणावा. फक्त तो खरा वाघ असावा, बैल नेणारा, रात्री पंचनामा लिहायला लावणारा; जाहिरातीतला नको.

बी-2 नंतरची पायरी डाल्फ सी-1 ची, आणि तिथला लेखनाचा अडीच तासांचा पेपर या सगळ्या कलेची खरी कसोटी. आधी दोन-तीन लेख वाचून त्यांचे सार सुमारे दोनशेवीस शब्दांत द्यायचे, आणि त्यात स्वतःचे मत चुकूनही डोकावू द्यायचे नाही. स्वतःजवळची माहितीही घालायची नाही. मग त्याच विषयावर निबंध, आणि त्यात मत हवेच. एकाच बैठकीत आधी तोंड बंद ठेवायचे आणि मग उघडायचे. चिमूरच्या चौकात बसून हे जमवणारा अजून मला भेटलेला नाही, मी धरून.

माझ्या लेखी भाचीच्या पत्राला पंचवीसपैकी एकोणीस. त्यातले निदान तीन ब्रह्मपुरीच्या ओळींचे. ब्रह्मपुरीत कोणी फ्रेंच शिकत असेल, तर त्याने उलट बाजूचे अडीचशे शब्द जरूर लिहावेत. तो चिमूरला किती ओळी देतो, ते वाचायला आम्ही दोघेही तयार आहोत.